खुडूक कोंबडीची बाजू

आमच्याकडं कामधंदा सोडून घरात बसलेल्या माणसाला म्हणतात, ‘काय खुडूक कोंबडीवाणी बसलायस?’ असं पहिल्यांदा जो कोण बोलला असेल, त्यानं खुडूक कोंबडी कधी नीट बघितली नसणार. २१ दिवस एका जागी बसायचं, दिवसातनं एकदा उठून घाईघाईनं चार दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, की पुन्हा टोपलीत. पोटाखालची पिसं झडतात, तुरा फिका पडतो, उचलून घेतली तर हाताला नुसती हाडं लागतात. अन एवढं सोसून एकविसाव्या दिवशी दहा-बारा जीव घेऊन ती बाहेर पडते. हिला रिकामटेकडी म्हणायचं, तर मग काम कुणाला म्हणायचं?

नुसती बोलण्यातली गोष्ट असती तर मी सोडून दिली असती. पण हाच समज आता फळ्यावर अन छापील पुस्तिकांत आलाय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत परसातल्या कोंबडीपालनाच्या चार-पाच शिबिरांना मी बसलो. बहुतेक ठिकाणी फळ्यावर दोन रकाने. डावीकडं गावरान, उजवीकडं सुधारित. गावरानच्या खाली लिहिलेलं : अंडी कमी, वाढ हळू, खुडूक होते. अन ‘खुडूक होते’च्या पुढं फुली. एका शिबिरात माझ्या शेजारच्या म्हातारीनं हात वर केला. म्हणाली, ‘सायब, खुडूक न्हाई झाली तर पिल्लं कोण काढंल?’ साहेब हसून म्हणाले, ‘आजी, पिल्लं आम्ही देऊ की!’ सगळं शिबिर हसलं. मला हसू आलं नाही. त्या एका वाक्यात सगळा व्यवहार उघडा पडला होता. आजवर जे घरात फुकट होत होतं, ते इथून पुढं दुसरं कुणीतरी देणार अन आपण हात पसरून घेणार.

आधी तो फळ्यावरचा हिशेब तपासू. तो खोटा नाही. पांढरी लेगहॉर्न पिंजऱ्यात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंड्यांची एक पाळी घालते, मग खुडूक बसते, पिल्लं वाढवते, अन त्यानंतर पुन्हा अंड्यावर येते. वर्षातनं तीन-चार पाळ्या, ४० ते ६० अंडी. हे खरंच आहे. पण हिशेब अर्धा आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीला कोंबडा ठाऊक नसतो. तिच्या ३०० अंड्यांतनं एकसुद्धा पिल्लू निघत नाही. ती खायची अंडी, उबवायची नव्हेत. शहरातली पोरं हौसेनं दुकानातली अंडी आणून बल्बखाली ठेवतात अन तीन आठवड्यांनी नाक धरून उकिरड्यात टाकतात, ते यामुळंच. ती कोंबडी दीडएक वर्षानं थकली की विकायची अन नवा माल पैसे मोजून आणायचा. धंदेवाल्याला ते परवडतं, कारण त्याचा हिशेब ट्रेचा अन गाडीचा असतो. परड्यातल्या बाईचा हिशेब तसा नाही.

गावरान कोंबडीची ६० अंडी धरा. त्यातली ३० घरात खाल्ली नाहीतर विकली. पाच-सहा फुटली-तुटली. उरलेली २४ दोन खेपेला बसवली. २४ ची १८ निघाली. घार, मुंगूस, मांजर अन रोगराई यांचा वाटा काढून १० वाढली. पाच कोंबडे, पाच तलंगा. कोंबडे जत्रेला, पाहुण्याला नाहीतर बाजारात गेले. दोन तलंगा ठेवल्या, तीन विकल्या. एका कोंबडीचं वर्ष हे असं. अन वर्षाच्या शेवटी मूळची कोंबडी खुराड्यात आहेच, वर तिच्या दोन लेकी. खाद्याचा खर्च म्हणाल तर पाखडताना सांडलेले दाणे, मूठभर कणी, भांड्यातलं खरकटं अन उकिरड्यातले किडे. या सगळ्याला फळ्यावर रकानाच नसतो. ज्याला रकाना नाही ते साहेबाला दिसत नाही.

माझा बाप माळकरी. घरात अंडं शिजायचं नाही. पण परड्यात आईच्या सात-आठ कोंबड्या कायम. बाप त्यांच्याकडं बघायचा नाही अन त्यांच्या पैशाबद्दल विचारायचाही नाही. जमिनीचा सातबारा बापाच्या नावावर, डेअरीचं दुधाचं पुस्तक बापाच्या नावावर, सोसायटीचं कर्ज बापाच्या नावावर. आईच्या नावावर कागदोपत्री काहीसुद्धा नव्हतं. पण खुराड्यातली कोंबडी अन् कोंबडी तिची होती. मीठ-मिरची, बांगड्या, बहिणीच्या बाळंतपणाचं डिंक-खोबरं, माझ्या वह्या, सगळं त्या खुराड्यातनं निघायचं. १९७७ साली माझा दहावीचा फॉर्म भरायचा होता, तेव्हा आईनं दोन कोंबडे पायाला सुतळी बांधून बाजाराला नेले अन येताना फीचे पैसे पदराला बांधून आणले. पुढं मला शेतीनं ओढून घेतलं, शिक्षण तिथंच थांबलं. पण जेवढं झालं तेवढं कोंबड्यांनी केलं, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक ती गंमत समजतात.

नव्यानं संसार मांडलेल्या बाईला शेजारीण एक कोंबडी अर्धलीनं द्यायची. सांभाळ तू करायचा, पिल्लं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. वर्षा-दोन वर्षांत त्या बाईचं खुराडं उभं राहायचं. ना बँक, ना जामीनदार, ना कुणाच्या सही-शिक्क्याची गरज. भूमिहीनाच्या झोपडीतसुद्धा हे भांडवल उभं राहत होतं. पण या साऱ्या व्यवहाराच्या बुडाशी एकच गोष्ट आहे : कोंबडी खुडूक झाली पाहिजे. जी बसतच नाही ती अर्धलीनं देऊन वाटून काय घेणार, पिसं?

खुडूक बसवणं म्हणजे टोपलीत अंडी टाकून मोकळं होणं नव्हे. कोंबडी अंग फुगवून गुरगुरायला लागली, जागेवरनं उठेना, हात घातला की चोच मारायला लागली, तरी आई दोन दिवस थांबायची. कच्ची खुडूक दोन दिवसांत आपण होऊन उठते. मग अंडी निवडायची. आठवड्याच्या आतली, फार मोठी नाहीत, फार बारकी नाहीत, चीर न गेलेली अन पाण्यानं न धुतलेली. साठवताना निमुळतं टोक खाली. उन्हाळ्यात ती माठाशेजारी ओल्या वाळूवर गाडग्यात ठेवायची, कारण उष्म्यानं अंडं बसवण्याआधीच धरायला लागतं अन मग आतल्या आत मरतं. टोपलीच्या तळाला राख, वर भाताचा पेंढा, पेंढ्यात निरगुडीचा पाला, म्हणजे पिसवा होत नाहीत. अंडी कोंबडीच्या अंगाखाली झाकतील तेवढीच. बारकी कोंबडी असली तर नऊ-दहा, थोराड असली तर बारा-तेरा. हाव धरून वीस ठेवली तर कडेची गार पडतात अन ती आत-बाहेर होत सगळीच नासतात. बसवायची ती अंधार पडल्यावर, म्हणजे कोंबडी बिथरत नाही.

सातव्या-आठव्या रात्री चिमणीच्या उजेडापुढं एकेक अंडं मुठीत धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की ठेवायचं, नितळ दिसलं की काढायचं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी अंड्याच्या आतनं चिवचिव ऐकू यायची अन कोंबडी वरनं हळू आवाजात तिला उत्तर द्यायची. पोरं म्हणायची, आई, कवच फोडून देऊ का? आई हातावर फटका द्यायची. ज्याचं त्यानंच फोडायचं असतं. घाई केली की रक्त येतं अन पिल्लू दगावतं. माझ्या आईला सही करता येत नव्हती. हे सगळं येत होतं.

पुढं अंडी उबवायच्या यंत्राची माहिती माझ्या वाचनात आली. आतलं तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं. हवेत ओल ठेवायची अन शेवटच्या तीन दिवसांत ती वाढवायची. दिवसातनं अनेक वेळा अंडी फिरवायची. सातव्या दिवशी उजेडात तपासायची. अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायचं. मी वाचून संपवलं अन म्हटलं, ही तर आमच्या आईची टोपली! यंत्र करतं ते सगळं खुडूक कोंबडीची नक्कल करतं. मग यंत्रानं केलं तर ते शास्त्र, अन कोंबडीनं केलं तर दोष, हा कुठला न्याय?

मी यंत्राचा वैरी नाही. एकाच दिवशी पाचशे पिल्लं पाहिजे असतील तर यंत्रच पाहिजे. आमच्या आळीतल्या एका पोरानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब अन थर्मामीटर बसवून यंत्र केलंय, अन त्यातनं बरी पिल्लं निघतात. फक्त रात्री दोन वाजता लाईट गेली की त्याचं सगळं घर उठून खोक्यावर गोधड्या टाकत बसतं. कोंबडीची लाईट जात नाही. अन खरी गोष्ट पुढं आहे. यंत्र पिल्लू देतं, आई देत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. कोंबडीच्या पंखाखाली हे कुणी मोजत नाही. पिल्लाला गार लागलं की ते आत शिरतं, गरम झालं की मुंडी बाहेर काढतं. वाळवी कुठं उकरायची, घारीची सावली पडली की कुठं दडायचं, पाणी कसं प्यायचं, हे तिच्या मागं फिरून शिकतं. बल्ब एवढं शिकवत नाही.

अंड्यातनं निघताना पिल्लू पोटात बलक घेऊन येतं. त्यावर ते दोनेक दिवस दाण्या-पाण्याशिवाय निघू शकतं. देवानं म्हणा, निसर्गानं म्हणा, ही सोय केली ती मागून फुटणाऱ्या भावंडांसाठी आईला टोपलीत थांबता यावं म्हणून. माणसानं त्याच सोयीवर एका दिवसाच्या पिल्लांची वाहतूक उभी केली. आमच्या वाडीतही एका योजनेत अशी पिल्लं आली. खोक्यात भरून आलेली, ऐन पावसाळ्यात, ज्या दिवशी वाडीत वीज नव्हती त्या दिवशी. बायकांनी चुलीपाशी घेतली, कुणी कंदील लावला, तरी पहिल्या आठवड्यात निम्मी गेली. जी जगली ती मात्र झपाट्यानं वाढली, हे मी नाकारणार नाही. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरीराजा असो की हैदराबादच्या संशोधन संस्थेतली वनराजा, अंगानं भरतात, अंडी गावरानपेक्षा जास्त देतात, अन कष्टानं घडवलेल्या जाती आहेत. पण त्या सहसा बसत नाहीत. थोराड अंगामुळं कुत्रं मागं लागलं तर उडून भिंतीवर जात नाहीत. दोन वर्षांत खाऊन-विकून, मरून संपल्या. मधल्या काळात, ‘आता सुधारित आल्यात’ म्हणून लोकांनी गावरान कोंबडे विकून टाकले होते. खुराडी रिकामी झाली अन वाडी पुढच्या योजनेच्या गाडीची वाट बघायला लागली. अहवालात वाटलेल्या पिल्लांची संख्या गेली असणार. तीन वर्षांनी किती घरांत कोंबडी आरवते, ते मोजायला कुणी आलं नाही. वर शेडला जाळी, भांडी, बल्ब, पोत्यातलं खाद्य. चार आण्याची कोंबडी अन बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

कडकनाथचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. झाबुआकडची ती काळी कोंबडी गुणी आहे, तिचा दोष नाही. पण पिल्लं आम्हीच देऊ, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या भावानं घेऊ, असं सांगून पश्चिम महाराष्ट्रात लोकांकडून पैसे गोळा केले गेले अन २०१९ साली तो डोलारा कोसळला. कर्ज काढून शेड बांधलेले लोक पक्ष्यांना खायला काय घालायचं म्हणून रडत होते. बी देणारा अन माल घेणारा एकच असला, तर त्यानं दार लावल्यावर तुमच्या दोन्ही वाटा बंद होतात. खुडूक कोंबडी दार लावत नाही.

अंड्याचा दर व्यापाऱ्यानं नव्हे, उत्पादकानं ठरवावा म्हणून डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ते चांगलंच झालं. ज्याचं अंडं त्याचा दर, हे कुणालाही पटेल. मग ज्या बाईची कोंबडी, तिचंच पिल्लू असावं, हे म्हणणं मागासलेलं कसं?

आता माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘गावरानला काही होत नाही, तिला लस-बिस लागत नाही’ असं जे सांगतात, त्यांनी मानमोडीची साथ पाहिलेली नाही. आज एकीची मान वाकडी, उद्या चार हिरवी हगतात, अन आठवड्यात अख्खी वाडी सुनी. कोंबडं झाकलं तरी दिवस उगवतोच म्हणतात, पण त्या आठवड्यानंतरचा दिवस आरवण्याशिवाय उगवतो. हिमालयातल्या राणीखेतला हा रोग १९२० च्या दशकात आढळला म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. त्याच्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब, अन दोन महिन्यांची झाली की सुई. एका कोंबडीमागचा खर्च एका अंड्याच्या किमतीहून कमी. अडचण दुसरीच आहे. लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते अन एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई ती कशी आणणार? इथं सरकारचं काम आहे. वाडीनं एक दिवस ठरवावा, रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडाव्यात अन पहाटे लसवाल्यानं घरोघर फिरावं. पिल्लांची गाडी पाठवायला जी यंत्रणा मिळते, तिला बर्फाची पेटी पाठवता येत नाही, यावर माझा विश्वास नाही.

शहरातल्या गिऱ्हाइकालाही सांगतो. तपकिरी अंडं म्हणजे गावरान नव्हे. तपकिरी अंडी देणाऱ्या जाती पिंजऱ्यातही असतात. अन खरं गावरान महाग का, हे विचारत जाऊ नका. वर्षातले कित्येक महिने ती कोंबडी अंडी देत नाही, पिल्लं काढते अन वाढवते. तुम्ही एका अंड्याचे चार पैसे जास्त मोजता, ते तिच्या त्या बसण्याचे मोजता.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, २०१२ पेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. वाचून बरं वाटलं. पण माझा प्रश्न त्या आकड्यानं सुटत नाही. यातल्या किती कोंबड्या स्वतःची पिल्लं स्वतः काढतात? हल्ली गावातसुद्धा कोंबडी खुडूक झाली की तिला पाण्यात बुचकळतात, पायाला दोरी लावून उन्हात बांधतात, पंख बांधतात. का, तर लवकर अंड्यावर यावी. एकदा-दोनदा अडचणीला केलं तर समजू शकतो. पण बसणारी विकायची अन न बसणारी ठेवायची, असं पिढ्या-दोन पिढ्या चाललं तर बसायचा गुणच नाहीसा होईल. जे निवडाल तेच उरतं, हे बियाण्याच्या बाबतीत आपण हायब्रीड आल्यावर पाहिलं आहे. घरची ज्वारी, घरचा भात पेरणारा माणूस दर वर्षी पिशवी घ्यायला रांगेत कसा उभा राहिला, ते माझ्या वयाच्या लोकांनी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक घरानं आपली सगळ्यात चांगली बसणारी कोंबडी विकू नये, तिच्याच लेकी राखाव्यात. आठ-दहा कोंबड्यांमागं एक गावरान कोंबडा ठेवावा अन दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदलावा, म्हणजे रक्त एकच होत नाही. सुधारित जात हवीच असेल तर तिची पिल्लं नको, उबवायची अंडी द्या. आमची खुडूक कोंबडी ती आनंदानं काढील, तिला जातीपातीचं काही नसतं. लस वेळेवर द्या. अन योजनेचा हिशेब वाटलेल्या पिल्लांवर करू नका, तीन वर्षांनी कोणत्या बाईच्या परड्यात तिनं स्वतः बसवलेली कोंबडी आहे, त्यावर करा. तोवर फळ्यावरची ती फुली पुसा.